शिट्टी वाजली, पण का?

कुठल्याही कबड्डी स्पर्धेचं पत्रक उचला. वर महाराजांचा फोटो, मग शुभेच्छुक म्हणून आठ-दहा हसरे चेहरे, मग बक्षिसांची यादी, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ - 'पंचांचा निर्णय अंतिम राहील.' चेहरे मोठे, नियम बारीक. ही ओळ आपण इतक्या वेळा वाचली आहे की तिचा नक्की अर्थ काय, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. आज शनिवार आहे, डोक्यात ऑफिस नाही, तेव्हा मी विचारतो.

'अंतिम' म्हणजे काय? त्यावर अपील नाही, सामना तिथेच अडवून धरायचा नाही, खेळ पुढे जाणार. एवढाच अर्थ असेल तर मला शंभर टक्के मान्य. कुणीतरी शेवटचा शब्द बोलायलाच हवा, नाहीतर खेळ रात्रभर संपणार नाही. पण आपल्याकडे 'अंतिम' या शब्दाच्या पोटात गुपचूप दुसराच एक अर्थ घुसवलाय - 'कारण विचारायचं नाही.' माझं भांडण या दुसऱ्या अर्थाशी आहे. पंच चुकतात म्हणून मी चिडत नाही. माणसं आहेत, चुकणारच. माझा कोडही चुकतो, आणि मला तर टेस्टिंगला दोन आठवडे मिळतात. पंचाला अर्धा सेकंद मिळतो. मला राग येतो तो शिट्टीनंतरच्या शांततेचा.

सगळ्यात मोठं उदाहरण घेऊ. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई खेळांमधली पुरुष कबड्डीची फायनल. भारत विरुद्ध इराण, २८-२८, सामना संपत आलेला. पवन सेहरावतची 'करो या मरो' चढाई. पवन कुणालाही स्पर्श न करता बाजूच्या लॉबीत गेला आणि त्याला अडवायच्या नादात इराणचे पकड करणारे खेळाडूही त्याच्यामागे तिथे गेले. आता नियम बघा. मैदानाच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटरची ही पट्टी असते, आणि झटापट किंवा स्पर्श झाल्याशिवाय ती खेळात धरत नाहीत. मग स्पर्श नसताना तिथे गेलेल्यांचं काय करायचं? जुन्या नियमाप्रमाणे चढाईपटू बाद, आणि त्याच्यामागे जाणारे बचावपटूही बाद. नव्या नियमाप्रमाणे, जो प्रो कबड्डी बघणाऱ्यांना पाठ आहे, फक्त चढाईपटू बाद. एका नियमाने गुणांचा हिशेब एक, दुसऱ्याने भारताला चार आणि इराणला एक. आशियाई सुवर्णपदक या फरकावर अडकलेलं!

पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे. आधी भारतीय संघ वैतागला, मग इराणी संघ मॅटवर ठाण मांडून बसला. साधारण तासभर सामना बंद. शेवटी भारताला चार गुण मिळाले, ३३-२९ने आपण जिंकलो, फटाके वाजले, व्हॉट्सॅपवर तिरंगे फिरले. मीही फिरवले. खेळाडूंनी जीव तोडून खेळ केला होता, त्या पदकावर त्यांचा हक्क आहे. त्या संघात आपला अस्लम इनामदार होता, आमच्या नाशिकचा आकाश शिंदे होता. कौतुक करायलाच हवं.

पण एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. तो शेवटचा निर्णय उलटा लागला असता, तर आपण काय म्हटलं असतं? 'पंचांचा निर्णय अंतिम' असं म्हणून गप्प बसलो असतो? काय राव! दोन दिवस चॅनेलवर 'सुवर्ण लुटलं' अशी पट्टी फिरली असती. इराणच्या एखाद्या गावात कुणी ती पट्टी वाचलीच असेल. आणि मुद्दा भारत-इराणचा नाहीच. मुद्दा असा की खेळाचा एवढा मोठा सामना चालू असताना, सामन्याचा कुठला नियम लागू आहे हे दोन्ही संघांना आणि खुद्द पंचांना एकमताने सांगता येत नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनवर कुठलं व्हर्जन चालू आहे हे कुणालाच माहीत नाही, आणि ते कळतं कधी, तर सिस्टिम पडल्यावर.

यावर आपल्या पिढीचं एक ठरलेलं उत्तर असतं. 'टेक्नॉलॉजी आणा. कॅमेरे लावा. रिव्ह्यू द्या.' माझे अर्धे मित्र हेच म्हणतात. आपला धंदाच तो, त्यामुळे आपल्याला प्रत्येक खिळ्यासाठी एक सॉफ्टवेअर सुचतं. पण हांगझोऊला कॅमेरे कमी होते का? सगळं जग रिप्ले बघत होतं. कोण कुठे गेलं यावर वाद नव्हताच. वाद होता तो जे दिसतंय त्याला कुठला नियम लावायचा यावर. तो कॅमेऱ्यात दिसत नाही.

ही गोष्ट अमेरिकेने आपल्याआधी पैसे मोजून शिकून घेतली आहे. माझा एक शाळेतला मित्र प्रोजेक्टसाठी डलासला गेला आणि तिथल्या फुटबॉलच्या नादी लागला. (त्यांचं फुटबॉल म्हणजे हातात धरून पळायचं, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं ते. पायाने क्वचितच खेळतात. असो.) त्याच्यामुळे मीही रात्री-बेरात्री ते बघायला लागलो. तर झालं असं. २० जानेवारी २०१९ला न्यू ऑर्लिन्समध्ये सेंट्स आणि रॅम्स यांच्यात कॉन्फरन्सची फायनल होती, जिंकणारा सुपर बोलला जाणार. २०-२० बरोबरी, दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ शिल्लक. सेंट्सच्या खेळाडूकडे पास आला, आणि बॉल पोचायच्या आत रॅम्सच्या रोबी-कोलमनने त्याला सरळ उडवला. याला 'पास इंटरफिअरन्स' म्हणतात, दंड मोठा असतो. पंचांनी पिवळा फ्लॅग टाकलाच नाही. सेंट्स जादा वेळेत २६-२३ने हरले. सामन्यानंतर त्यांच्या कोचने सांगितलं की लीगच्या पंचप्रमुखांनी फोनवर चूक कबूल केली. चूक कबूल, पण सुपर बोलला गेले रॅम्सच.

लोक इतके भडकले की दोन महिन्यांत लीगने नियम बदलला. २०१९च्या हंगामात पास इंटरफिअरन्सवरही व्हिडिओ रिव्ह्यू मागता येईल! झालं, टेक्नॉलॉजी आली, प्रश्न सुटला... नाही सुटला. उलट हंगामभर कोचेस, खेळाडू, कॉमेंटेटर सगळे डोकं धरून बसले, कारण मैदानावरचा निर्णय फिरवायला किती धक्का लागला म्हणजे पुरे, हे कुणालाच नेमकं कळेना. स्लो मोशनमध्ये प्रत्येक हात लागलेला दिसतो. तो 'अडथळा' होता की नुसता स्पर्श, हे ठरवायला शेवटी माणूसच लागतो. एका वर्षात तो प्रयोग गुंडाळला. २०२०पासून नियम परत जुनाच.

मग अमेरिकेकडून काही शिकण्यासारखं नाही का? आहे, आणि ते कॅमेऱ्यापेक्षा खूप स्वस्त आहे. तिथे मुख्य पंचाकडे माईक असतो. फ्लॅग पडला की तो मैदानाच्या मध्ये उभा राहतो आणि सत्तर हजार लोकांसमोर सांगतो - गुन्हा कुठला, कुणाच्या बाजूचा, खेळाडूचा नंबर किती, दंड किती यार्डांचा, आणि आता खेळ कुठून सुरू होणार. होल्डिंग, नंबर अमुक, दहा यार्ड. संपलं. दहा सेकंदाचं काम. तुम्हाला निर्णय पटो न पटो, निर्णय काय आहे हे स्टेडियममधल्या शेवटच्या रांगेतल्या पोराला कळतं.

त्याहून भारी गोष्ट म्हणजे, दंड घ्यायचा की नाही हे बहुतेक वेळा ज्याच्यावर अन्याय झाला त्या संघाला विचारतात. खेळ तसाच चालू राहून त्याचा जास्त फायदा झाला असेल तर तो 'नको तुमचा दंड' म्हणू शकतो. म्हणजे दंड कशासाठी आहे, हे त्यांच्या डोक्यात स्वच्छ आहे: नुकसान भरून काढायला. आपल्याकडे दंड कशासाठी आहे? बहुतेक वेळा पंचाचा मान राखायला.

आणि सामना संपल्यावर? पत्रकारांचा एक प्रतिनिधी पंचाला वादग्रस्त निर्णयाबद्दल विचारतो आणि ते उत्तर छापून येतं. त्या २०१९च्या सामन्यानंतर मुख्य पंचाने सांगितलं की तो निर्णय जवळच्या पंचाचा होता, आपण स्वतः तो प्रसंग अजून पाहिलेला नाही. फार चांगलं उत्तर नव्हे! पण उत्तर आहे, आणि ते कायमचं नोंदलेलं आहे. बास्केटबॉलवाल्या एनबीएने तर २०१५पासून चुरशीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचे निर्णय दुसऱ्या दिवशी स्वतःच तपासून जाहीर करायला सुरुवात केली. हे बरोबर, हे चूक, हे राहून गेलं. फुटबॉलमध्येही (आपल्या, पायाने खेळायच्या) २०२३च्या महिला विश्वचषकात रिव्ह्यूनंतर रेफरी माईकवर निर्णय सांगायला लागल्या. कुणाचं आकाश कोसळलं नाही.

आता आपल्याकडे या. गेल्या हिवाळ्यात भगूरच्या बाजूला एका स्पर्धेला गेलो होतो. नाव नको, कारण हे कुठल्याही मैदानावर घडतं. हॅलोजनचे दिवे, मातीवर पाणी मारलेलं, कडेला भेळेच्या गाड्या, एकदम मस्त वातावरण. शेवटच्या दोन मिनिटांत एका पोराने चढाई केली, मध्यरेषेकडे परत आला आणि शिट्टी. पंचाने हात केला, बाद. पोराने विचारलं, "सर, कशाने बाद?" पंच म्हणाले, "बाद म्हणजे बाद." त्याने परत विचारलं, तर ग्रीन कार्ड.

माझ्या आजूबाजूला पाच मिनिटांत तीन थिअऱ्या तयार झाल्या. एक म्हणे दम गेला. दुसरा म्हणे पाय रेषेबाहेर पडला. तिसरा म्हणे पंच समोरच्या गावचे आहेत. तुम्हीच सांगा, घरी जाताना लोकांनी कुठली थिअरी बरोबर नेली असेल? कारण सांगितलं नाही की लोक कारण स्वतः तयार करतात, आणि लोकांनी तयार केलेलं कारण नेहमी जातीचं, गावाचं किंवा पैशाचं असतं. ज्या ॲपमध्ये नुसतं 'काहीतरी चुकलं आहे' एवढाच मेसेज येतो, त्याला आपण किती शिव्या घालतो! आणि इथे जिवंत माणसाला आपण तेवढाही मेसेज देत नाही.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, रीतसर पंच परीक्षा देऊन वीस-पंचवीस वर्षं पंचगिरी केलेले. त्यांना हे सगळं सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "अरे बाबा, तू माईक दे म्हणतोस. चारी बाजूंनी पोरं वेढा घालून उभी असतात. पोलीस एक, तोही चहाला गेलेला. कारण सांगितलं की वाद सुरू, नाही सांगितलं की निदान सामना तरी पुढे जातो. आणि मिळतं काय आम्हाला? गाडीभाडं आणि जेवण."

काकांचं म्हणणं खोटं नाही. पंचाच्या जिवाला धोका असतो, हे आपण पाहिलंय. जानेवारी २०२३मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेला चार गुण दिले आणि सोशल मीडियावर आग लागली. चार की दोन, हे प्रतिस्पर्धी धोकादायक स्थितीत, म्हणजे पाठ जमिनीकडे ठराविक कोनात झुकलेली, गेला की नाही यावर ठरतं. अतिशय तांत्रिक प्रश्न. पण त्याचं तांत्रिक उत्तर लोकांपर्यंत पोचायच्या आत पंचाला फोनवर धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली होती. दोनच वर्षांनी, २ फेब्रुवारी २०२५ला अहिल्यानगरला, गादी विभागाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट दिल्यावर शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली. खांदे टेकलेच नाहीत, रिप्ले बघा, असं त्याचं म्हणणं. त्याच संध्याकाळी फायनलमध्ये महेंद्र गायकवाड कुस्ती सोडून निघून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

लाथ मारणं चूकच. त्यात 'पण' नाही. पंचाच्या अंगाला हात लावणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, मग तो कितीही मोठा पैलवान असो. मला वेगळी गोष्ट खटकते. लाथ मारण्याची शिक्षा किती वर्षांची, हे आपण चोवीस तासांत सांगू शकतो. खांदे टेकले की नाही, हे कुठल्या नियमाने आणि काय बघून ठरवलं, हे त्याच मैदानावर त्याच मिनिटाला आपण का सांगू शकत नाही? २०२३ला जे झालं, त्यातून शिकून २०२५ला पंचाच्या हातात माईक असता तर? लाथ बसली नसती, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण हजारो लोक 'काय झालं, काय झालं' म्हणत एकमेकांकडे बघत बसले नसते.

म्हणून काकांना मी एवढंच म्हटलं, "काका, तुम्ही कारण सांगत नाही म्हणून वाद टळत नाही. तो मैदानावरून उठून चहाच्या टपरीवर जातो, आणि तिथे तुमची बाजू मांडायला कुणी नसतं." काका काही बोलले नाहीत, सुपारी कातरत राहिले. पटलं की नाही, माहीत नाही.

'एवढं काय त्यात, खेळ तर आहे' म्हणणाऱ्या मंडळींसाठी एक गोष्ट. तुमच्या-माझ्यासाठी खेळ आहे. आपण बॉक्स क्रिकेट हरलो तरी सोमवारी स्टँडअपला हजर असतो. पण आमच्या देवळालीच्या आजूबाजूच्या गावांमधून जी पोरं पहाटे पाचला लॅम रोडने पळताना दिसतात, त्यांचा हिशेब वेगळा असतो. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. कुठल्या पातळीच्या स्पर्धेत कितवा नंबर, यावर पोलीस भरतीपासून पुढची सगळी गणितं. एका चुकीच्या शिट्टीची किंमत त्या पोराच्या घरात चाळीस वर्षांचा पगार असू शकते. त्याला 'बाद म्हणजे बाद' सांगताना निदान कशाने बाद हे तरी सांगाल की नाही?

या गावाच्या नावावरून इंग्रजीत एक शब्द गेलाय, 'डूलॅली', म्हणजे डोकं फिरलेला. मुदत संपलेले गोरे सोल्जर इथल्या कॅम्पात परतीच्या बोटीची वाट बघत महिनोन्महिने पडून राहायचे आणि भ्रमिष्ट व्हायचे, अशी त्याची गोष्ट सांगतात. नुसत्या वाट बघण्याने हे होत असेल असं मला वाटत नाही. आपलं काय होणार, कधी होणार, हे कुणी सांगतच नाही, तेव्हा माणूस फिरतो.

तर माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. मोठं बजेट लागत नाही.

१. स्पर्धा सुरू होण्याआधी कुठली नियमावली आणि कुठल्या वर्षाची, हे छापून दोन्ही कर्णधारांची सही घ्या. लॉबीचा नियम, कार्डांचा नियम, करो-या-मरो, सगळं. हांगझोऊचा तो तास एका कागदाने वाचला असता.

२. पंचाला माईक द्या. गावच्या स्पर्धेत निवेदकाच्या हातात असतोच की, सत्कार आणि शेरोशायरीसाठी! निर्णय एका वाक्यात सांगायचा: कोण, कशाने, किती गुण. चर्चा नाही, फक्त कारण.

३. वादग्रस्त निर्णयाचं कारण दुसऱ्या दिवशी लेखी द्या. चूक असेल तर चूक लिहा. निकाल बदलू नका, पण लिहा.

४. पंचांना नीट मानधन आणि संरक्षण द्या. उघडपणे बोल म्हणायचं आणि वाऱ्यावर सोडायचं, हे चालणार नाही. काकांचा हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे.

यातलं एकही कलम पंचाचा अधिकार कमी करत नाही. निर्णय त्याचाच, आणि अंतिमच. उलट कारण सांगणाऱ्या पंचाचा दरारा वाढतो. वर्गात 'मी सांगतो म्हणून' म्हणणारे सर आठवा आणि फळ्यावर गणित सोडवून दाखवणारे सर आठवा. कुणाला घाबरायचात आणि कुणाचा मान ठेवायचात?

संघटना हे स्वतःहून करतील असं मला वाटत नाही. पण आपल्या हातात एक गोष्ट आहे. नवरात्र आलं, शिवजयंती आली की मंडळाची पोरं वर्गणी मागायला येतात, 'दादा, स्पर्धा घेतोय, तुमचं नाव पत्रकावर टाकतो' म्हणतात, आणि आपण पाकीट काढतो. पुढच्या वेळी पैसे नक्की द्या. फक्त पावती फाडायच्या आधी नियमावलीचा कागद मागा, आणि माईक कुणाच्या हातात असणार ते विचारा.